कार्बोरेटर निर्दोष आहे

वकीलसाहेब कुठवर आलेत हे कळायला सोलापुरात डोळे लागत नसत. अक्कलकोट रस्त्याला पहिला बार झाला की साखर पेठेतली कुत्री गल्ली सोडून जात. दुसरा बार झाला की टांगेवाले खाली उतरून आपापल्या घोड्याच्या तोंडाशी उभे राहत. तिसऱ्या बाराला त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, चुलीवर तवा ठेवत. मग धुराचा एक ढग कोपऱ्यावरून आत येई आणि त्या ढगातून लॉरी बाहेर पडे. तिच्या पुढच्या जागेवर जरीकाठी रुमाल बांधलेले वकीलसाहेब, काहीच ऐकू आलं नाही अशा चेहऱ्याने बसलेले असत.

मी त्यांच्या माडीवरच्या खोलीत भाड्याने राहत होतो. करमाळ्याहून येऊन एका गिरणीच्या कचेरीत नुकताच कारकून म्हणून चिकटलो होतो. खोली बघायला गेलो त्या दिवशी त्यांनी नाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी विचारलं, "पुरावा काय?" माझ्याजवळ माझ्या नावाचा पुरावा नव्हता. तेव्हा ते म्हणाले की करमाळ्याचा आहात एवढं बोलण्यावरून सिद्ध होतं, बाकीचं राहू द्या. त्या दिवसापासून मी 'करमाळे' झालो. पुढे माझे वडील येऊन राहिले तेव्हा त्यांनी माझं खरं आडनाव सांगून पाहिलं. ती साक्ष नात्यातली म्हणून फेटाळली गेली.

वकिली त्यांनी सोडली होती. लोक सांगत, न्यायाधीशाशी भांडण झालं. भांडण झालं होतं, पण ते स्वतःच्या अशिलाशी. अशील पिंजऱ्यात उभा राहून शपथेवर बोलत होता. त्याला मध्येच थांबवून वकीलसाहेब न्यायाधीशांना म्हणाले की माझा अशील खोटं बोलतो आहे, हे नोंदवून घ्यावं. न्यायाधीशांनी नोंदवून घेतलं. अशील हरला. सत्याचा एवढा मोठा विजय झाल्यावर त्यांच्याकडे दुसरा अशील येण्याचं काही कारण उरलं नाही. अक्कलकोटच्या पुढे त्यांची चांगली काळी जमीन होती, त्यामुळे घरात अन्न होतं. उपासमार व्हायची ती फक्त उलटतपासणीची. म्हणून मग ती घरी सुरू झाली. दूधवाल्याची होई. भाकरी करपली तर तव्याची होई. लिंबाच्या झाडावरचा कावळा रोज त्याच फांदीवर का बसतो, याचीही एकदा झाली.

शेजाऱ्यांशी ते मराठी बोलत, मोटारीशी इंग्रजी आणि काकूंशी कानडी. काकू दुधनीच्या, माहेर कानडी. कानडीत मात्र ते कधी उलटतपासणी करत नसत, कारण त्या भाषेत त्यांना उत्तर मिळे. प्रकरण फार लांबलं की काकू आतूनच म्हणत, "साकु माडरी." म्हणजे पुरे करा. त्या दोन शब्दांवर अपील नव्हतं.

लॉरी त्यांनी लिलावात घेतली होती. युद्धात कुठेतरी दारूगोळा वाहिलेली, पाठीला उघड्या फळ्या ठोकलेली, म्हातारी, रुंद गाडी. शेतावरून ज्वारी आणि कडबा आणायला बैलगाडी पुरे होती, पण बैलगाडीत बिघाड होत नाही आणि बिघाडाशिवाय चौकशी करता येत नाही. लॉरीत बिघाड पहिल्यापासून होता. उभी असताना ती शहाण्यासारखी घुरघुरे. रस्त्याला लागून वेग वाढवायला पाय दाबला की मात्र ती अडखळे. नुसती अडखळे, जणू पुढे जावं की न जावं याचा विचार करते आहे. मग एक आचका आणि मागच्या नळीतून बार. बार असा की रस्त्यावरचा माणूस आधी स्वतःचं अंग चाचपे.

लॉरी चालवायला हुसेनभाई होता. मोटारीचं ज्ञान त्याला वकीलसाहेबांइतकंच होतं आणि अभिमानही तितकाच. त्याच्या मते लॉरीला सर्दी झाली होती. "साब, इसकू थंडी बाधी," तो म्हणायचा आणि बॉनेटवर घोंगडी टाकायचा. सोलापुरातल्या उन्हाळ्यात, तव्यासारखं सगळं तापलेलं असताना, अंगणात घोंगडी पांघरून उभी असलेली लॉरी मी डोळ्यांनी पाहिली आहे. वकीलसाहेब त्याला अडाणी म्हणत. तो त्यांच्या पाठीमागे त्यांना काय म्हणे ते दखनीत असे, म्हणून मला पुरतं कळलं नाही. एवढं असून रोज दुपारी दोघं एकाच लिंबाखाली बसून, एकमेकांकडे न बघता, एकाच पानपुड्यातलं पान खात.

रविवारी सकाळी अंगणात खटला चाले. वकीलसाहेब खुर्चीवर, लॉरी समोर, हुसेनभाई साक्षीदार आणि मी, दुसरं काही करण्याजोगं नसल्यामुळे, जनता. त्यांची पद्धत कायद्याला धरून होती. एका वेळी एकच आरोपी. पुरावा कमी पडला तर निर्दोष सुटका. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम असा की एकदा निर्दोष सुटलेल्यावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला नाही. हा नियम माणसांसाठी चांगला असेल. मोटारीच्या बाबतीत त्याने काय होतं ते आम्ही दोन वर्षं ऐकत होतो.

पहिला आरोपी पेट्रोल. डब्यातून येतं, डब्यात कचरा असतो, तेव्हा पेट्रोल गुन्हेगार ठरलं आणि त्याला शिक्षा झाली की यापुढे ते गाळूनच टाकीत जाईल. गाळायचं फडकं वकीलसाहेबांनी स्वतः आणून दिलं आणि गाळायचं कामही स्वतःकडे ठेवलं. इतर कोणावर त्यांचा विश्वास नव्हता.

दुसरा आरोपी कार्बोरेटर. हुसेनभाईने तो काढला. आतल्या पितळी नळीला सुईच्या नाकाएवढं छिद्र असतं, त्यातून पेट्रोल फवाऱ्यासारखं इंजिनात जातं. वकीलसाहेबांनी ती नळी सूर्याकडे धरून पाहिली, धुतली, पुसली, पुन्हा बसवायला लावली. दुसऱ्या दिवशी लॉरी लोण्यासारखी चालली. तिसऱ्या दिवशी पुन्हा बार. निकाल त्यांनी उभं राहून दिला. "गुन्हा घडला त्या वेळी आरोपी स्वच्छ होता. आम्ही स्वतः त्याला धुतलं होतं. कार्बोरेटर निर्दोष आहे." हुसेनभाईने चाचरत म्हटलं की साब, पुन्हा एकदा खोलून बघू. साहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की जणू त्याने सुटलेल्या माणसाला फाशी द्यायला सांगितलं.

मग प्लग झाले. त्यांना तापवून, घासून सोडून देण्यात आलं. मग मॅग्नेटोवर संशय आला. ठिणगी तो पाडतो, तेव्हा अवेळी पाडत असणार. त्याला पेटीत घालून तपासणीसाठी पुण्याला पाठवलं. तो परत येईपर्यंत लॉरी अंगणात उभी होती, अर्थातच, कारण मॅग्नेटोवाचून ती चालू होत नाही. त्या काळात एकही बार झाला नाही. वकीलसाहेब रोज संध्याकाळी माझ्या खोलीत येऊन मला म्हणत, "ऐका करमाळे. आवाज आहे? मॅग्नेटो नाही, आवाज नाही. याहून सज्जड पुरावा कोणता?" मी म्हणालो की चाकंही फिरत नाहीत. त्यांनी मला सांगितलं की साक्षीदाराने विचारलं तेवढंच बोलावं.

मॅग्नेटो परत आला. बारही परत आला. शेजारच्या घरी लग्न होतं, त्या दिवशी लॉरी गल्लीत शिरली आणि अंतरपाट दूर व्हायच्या आधीच असा दणका झाला की वाजंत्र्यांनी मुहूर्त साधला समजून वाजवायला घेतलं, वऱ्हाडाने अक्षता टाकल्या आणि भटजींचं शेवटचं मंगलाष्टक राहूनच गेलं. मुलीचा बाप तक्रार घेऊन आला. वकीलसाहेबांनी त्याला बसवून विचारलं, लग्न लागलं की नाही. लागलं. मुलगी सासरी गेली की नाही. गेली. जावई परत देणार आहात काय. नाही. बाप शेवटी माफी मागून, पेढे ठेवून गेला.

सगळं असंच हसत चाललं असतं. पण एकोणीसशे तीसच्या उन्हाळ्यात सोलापुरात मार्शल लॉ आला. आधी काय काय घडलं ते सगळ्यांना ठाऊक आहे, ते मी इथे सांगत नाही. गिरण्या बंद होत्या. पेठांतून गोरे सोल्जर हिंडत होते. डोक्यावर कोणती टोपी आहे यावरून माणूस तुरुंगात जात होता. ज्या गावात ताट पडलं तरी लोक दार लावून घेत होते त्या गावात आमच्या अंगणात एक बार काढणारी लॉरी होती, आणि बाजार बंद असल्यामुळे घरातली ज्वारी संपत आली होती.

काकूंनी सांगितलं की लॉरी काढू नका, मी तांदळाच्या कण्यांवर भागवते. वकीलसाहेबांनी रीतसर पास काढला. पास कोणी दिला, का दिला, त्या अधिकाऱ्याला त्यांनी किती प्रश्न विचारले, ते मला ठाऊक नाही. पण मला वाटतं त्या बिचाऱ्याने सुटका म्हणून सही केली असावी. गिरणी बंद असल्याने मी रिकामा होतो. साहेब म्हणाले, साक्षीला एक माणूस असावा, चला. म्हणून मी मागे फळीवर बसलो.

जाताना ठीक गेलो. शेतावरून ज्वारीची पोती आणि कडब्याच्या पेंढ्या भरल्या आणि ऊन चढत असताना परत निघालो. गाव जवळ आलं तसं हुसेनभाईने वेग इतका कमी केला की शेरडं आमच्या पुढे जात होती. पाय दाबायचाच नाही, म्हणजे बार होणार नाही, असा त्याचा बेत होता. बेत चांगला होता. पण अक्कलकोट नाक्यावर रस्त्यात आडवा बांबू होता आणि बाजूला वाळूच्या पोत्यांमागे सोल्जर बसले होते. त्यांनी थांबवलं, दुरूनच पास बघितला आणि हाताने खूण केली की पुढे या. रस्ता तिथे चढाचा होता. पाय दाबल्याशिवाय लॉरी चढेना. हुसेनभाईने अल्लाचं नाव घेतलं आणि दाबला. लॉरी अडखळली. मागून मला तिचं ते विचार करणं जाणवलं, आणि मी डोळे मिटले.

एवढा मोठा बार मी आधी ऐकला नव्हता, किंवा त्या शांत गावात तो तसा वाटला असेल. डोळे उघडले तेव्हा सोल्जर जमिनीवर पालथे होते आणि त्यांच्या बंदुका आमच्याकडे होत्या. कोणीतरी ओरडत होतं. मी हात वर केले. लॉरीभोवती धुराचा आणि धुळीचा पडदा झाला होता, आणि त्यातून ते धावत आले. पुढच्या जागेवरून दोघांनाही एकाच बाजूने ओढून काढलं. हुसेनभाईचा फेटा सुटला होता. त्याच फेट्याने त्याचे हात मागे बांधले.

गोरा कप्तान आला. वयाने तो माझ्याएवढाच असावा. तोंड उन्हाने सोललेलं होतं आणि हातात पिस्तूल होतं. नवख्या हातातल्या पिस्तुलाइतकं भीतिदायक काही नसतं. त्याचं म्हणणं असं की गोळी लॉरीतून झाडली गेली, लॉरीची जबाबदारी चालकावर, तेव्हा चालक कोण. हुसेनभाईला इंग्रजी येत नव्हतं, पण 'ड्रायव्हर' शब्द त्याला कळत होता. त्याचा चेहरा राखेसारखा झाला.

वकीलसाहेब म्हणाले, "मी चालवत होतो."

ते असं सहज बोलले की क्षणभर मलाही खरं वाटलं. स्वतःचा अशील खोटं बोलतो म्हणून ज्यांनी धंदा बुडवला, ते भर दुपारी, कप्तानाच्या डोळ्यांत बघून, खणखणीत खोटं बोलत होते. कप्तानाने हुसेनभाईकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. धुळीत कोणाला काही दिसलं नव्हतं. मग तो माझ्याकडे वळला. मला विचारलं, कोण चालवत होतं. माझ्या तोंडून आधी 'सर, सर' एवढंच निघालं. मी हुसेनभाईचे बांधलेले हात पाहिले आणि सांगितलं, साहेब चालवत होते.

मग झडती सुरू झाली. पोती खाली आली, संगिनी आरपार गेल्या, ज्वारी रस्त्यावर सांडली. पेंढ्या सोडून पसरल्या. एक दणकट सोल्जर मोटारीतला जाणकार होता. त्याने बॉनेट उघडलं. पिस्तूल कुठेही लपवता येतं म्हणून त्याने टाकी रिकामी करून बघितली, नळ्या सोडवल्या, कार्बोरेटर खोलला, त्यातली पितळी नळी काढून फुंकली, सगळं चाचपलं, परत जोडलं आणि पेट्रोल पुन्हा टाकीत ओतलं. पिस्तूल मिळालं नाही. त्याच्याऐवजी कडब्यात हुसेनभाईची तंबाखूची पिशवी मिळाली. ती जप्त झाली.

वकीलसाहेब उन्हात ताठ उभे राहून सांगत होते की आवाज मोटारीचा आहे. कप्तान म्हणाला, असं असेल तर काढून दाखवा आवाज.

इथे एक अडचण होती. वकीलसाहेबांनी आयुष्यात कधी चाक हातात धरलं नव्हतं. लॉरीच्या प्रत्येक भागावर ते निकाल देऊ शकत होते, पण चालवण्याचं काम त्यांनी कायम हुसेनभाईकडे ठेवलं होतं. आता मात्र त्यांनी शपथेवर नसलं तरी बंदुकीसमोर सांगितलं होतं की चालक मीच. ते कोट सावरून चढले. मी हँडल मारलं. इंजिन सुरू झालं. हुसेनभाई बांधलेल्या हातांनी उभा होता आणि त्याचा उजवा पाय जमिनीवर आपोआप दाबत होता, सोडत होता. साहेब त्या पायाकडे बघत होते. त्या पायाबरहुकूम त्यांनी आपला पाय दाबला.

लॉरी निघाली. अडखळली नाही, आचका दिला नाही, बार तर नाहीच. कार्बोरेटर धुतल्यानंतरचा तो एक दिवस सोडला तर दोन वर्षांत ती अशी कधी चालली नव्हती. रेशमासारखी चालली. वकीलसाहेबांना थांबवता येत नव्हतं, सरळही करता येत नव्हतं, म्हणून ती नाक्यासमोरच्या मोकळ्या जागेत गोल फिरू लागली. एक फेरा, दुसरा फेरा. जितका जोरात ते पाय दाबत तितकी ती गोड आवाज करी. आमच्या सुटकेसाठी तिने एकदा, फक्त एकदा, बार काढायचा होता, आणि ती नव्या नवरीसारखी खाली मान घालून चालली होती. कप्तानाचा चेहरा फेऱ्यागणिक कठीण होत गेला. शेवटी लॉरी पसरलेल्या कडब्यात रुतून बंद पडली.

हुसेनभाई माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "गया मैं." आणि खाली बसला.

वकीलसाहेब उतरले. मी घाबरून त्यांच्याकडे पाहिलं आणि चकितच झालो. त्यांचा चेहरा उजळला होता. दोन वर्षांत असा साक्षीदार त्यांना मिळाला नव्हता. ते तडक त्या दणकट सोल्जरपाशी गेले आणि इंग्रजीत त्याची उलटतपासणी सुरू केली. तू काय काय खोललंस. हे परत लावण्याआधी काय केलंस. फुंकलं? फुंकल्यावर काय निघालं. सोल्जर गोंधळून कप्तानाकडे बघू लागला. कप्तानाने, का कोण जाणे, मान हलवली. सोल्जर म्हणाला, काही नाही, थोडा कापूस की केस असं काहीतरी निघालं, टाकून दिलं. कुठे टाकलंस. तिथे.

मग ते जरीकाठी रुमालाचे, लांब कोटाचे वकीलसाहेब तापल्या रस्त्यावर गुडघे टेकून, सांडलेल्या ज्वारीत बोटं घालून शोधू लागले. मीही बसलो. कोणी आम्हाला अडवलं नाही. कदाचित त्यांना वाटलं असेल की म्हातारा उन्हाने बिघडला. बऱ्याच वेळाने ते उठले. त्यांच्या चिमटीत पेट्रोलने भिजलेला, मातीत लोळलेला, काळ्या धाग्यांचा एक इवलासा बोळा होता.

त्याच सोल्जरकडून त्यांनी पितळी नळी काढवली आणि तो बोळा आत घालून परत बसवायला लावली. इंजिन सुरू झालं. उभं असताना चांगलं घुरघुरलं. साहेबांनी कप्तानाला जवळ यायला सांगितलं आणि पाय दाबला. लॉरी अडखळली. मग असा बार झाला की सोल्जर पुन्हा पालथे पडले आणि कप्तान गुडघ्यात वाकला. कप्तानाचं तसं व्हायला नको होतं, पण झालं. आणि माणूस एकदा वाकलेला दिसला की त्याला फार वेळ रागावून राहता येत नाही.

वकीलसाहेबांनी भाषण केलं. त्यांचं म्हणणं असं होतं की कार्बोरेटर आजही निर्दोषच आहे, त्याच्या तोंडात कोणीतरी बोळा कोंबला होता. आधी डब्यातला कचरा होता, आता पेट्रोल गाळताना फडक्याचे धागे सुटतात, टाकीत जातात, आणि जास्त पेट्रोल ओढलं जाऊ लागलं की छिद्राच्या तोंडाशी येऊन बसतात. कप्तानाने विचारलं, फडकं कोणाचं. साहेबांनी गुडघ्यावरची माती झटकली. मग म्हणाले, "माझा वकिलीचा गाऊन आहे. गाळतोही मीच."

दोन वर्षं चाललेल्या खटल्यात एकच माणूस कधी पिंजऱ्यात उभा केला गेला नव्हता. तो त्या दिवशी स्वतःच येऊन उभा राहिला.

हुसेनभाईचे हात सोडले. कप्तानाने पास परत दिला आणि जाता जाता म्हणाला की आता घरापर्यंत त्या दुसऱ्या माणसाला चालवू द्या. म्हणजे त्याला कळलं होतं. केव्हा कळलं, ते त्याने सांगितलं नाही.

सांडलेली ज्वारी आम्ही जमेल तेवढी भरली. परतताना बोळा काढून टाकलेला होता, त्यामुळे लॉरी आवाज न करता गावात शिरली. कुत्री जागची हलली नाहीत. काकूंनी तवा ठेवला नव्हता, आम्ही दारात उभे राहिलो तेव्हा त्या भूत बघितल्यासारख्या बघत राहिल्या. हुसेनभाईने सगळं सांगायला घेतलं आणि मध्येच तो साहेबांकडे वळला. तो साहेबांना एवढंच म्हणाला, "साब, आप मेरे वास्ते झूट बोले." साहेब त्याच्यावर खेकसले की तंबाखूची पिशवी कडब्यात कोणी ठेवली होती. मग आत गेले.

 रात्री जेवून हात धुवायला उठले तेव्हा साहेब मला म्हणाले, "साक्ष बरी दिलीत, करमाळे. पण अडखळलात."

त्यानंतर त्यांनी पेट्रोल गाळलं नाही. गाऊन काकूंनी पोतेरं करायला घेतला होता, तो त्यांनी काढून घेतला, शिवून, धुऊन आणायला सांगितला, आणि एक दिवस तो घालून कोर्टात गेले. का गेले, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. विचारणं हे त्या घरात माझं खातं नव्हतं. त्या दिवसांत माणसं खूप आत होती आणि त्यांच्या बाजूने उभं राहायला वकील फार पुढे येत नव्हते. कोणाला सनद जाण्याची भीती होती, कोणाला त्याहून मोठी.

पहिला खटला मी बघायला गेलो होतो. विणकरांच्या गल्लीतला एक तेलुगू मुलगा, मागाच्या खोपटावर झेंडा लावला म्हणून धरलेला. वकीलसाहेबांनी शिपायाची उलटतपासणी इतका वेळ केली की शिपायाला स्वतःचं नाव आठवेना. झेंडा कोणत्या हाताने लावला, खोपटाचं दार कोणत्या दिशेला, वारा कुठून वाहत होता. मॅजिस्ट्रेट घड्याळाकडे बघत होते. शेवटी त्यांनी मुलाला शिक्षा सुनावली, जी त्यांनी बहुधा सकाळी घरून निघतानाच ठरवली होती.

बाहेर आलो तर मुलाची आई पायरीवर बसली होती. ती उठून साहेबांच्या पायांवर वाकली. साहेब मागे सरकले. म्हणाले, "बाई, मी हरलोय. तुझा मुलगा आत गेला. पाया कशाला पडतेस?"

तिचं मराठी तेलुगूच्या चालीवर होतं. ती म्हणाली, "माज्या पोरासाटी बोललात की तुमी. कोण बोलत न्हवतं."

 वकीलसाहेबांना एकही प्रश्न सुचला नाही. मग त्यांनी तिला लॉरीत हुसेनभाईच्या शेजारी, आपल्या जागेवर बसवलं, आणि स्वतः गाऊन गोळा करून मागे, माझ्याजवळ, उघड्या फळीवर चढून बसले. विणकरांच्या गल्लीपर्यंत ते तसेच उन्हात बसून आले. लोक दारादारांतून बघत होते. खटला हरलेला वकील इतक्या दिमाखात जाताना सोलापूरने त्याआधी पाहिला नसावा.